ध्वनीची वारंवारता आणि मेंदू : दाव्यांत तथ्य किती?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा रात्रभर कानात इअरफोन घालून बसायचा. आम्हाला वाटायचे, व्याख्याने ऐकत असेल. एकदा विचारले, तर म्हणाला, "अल्फा वेव्ह लावलीय दादा. मेंदू तेज होतो, झोपही कमी लागते."

पुढे त्याने मोबाइलवरची जाहिरात पाहून 'ध्वनी उपचारा'चा कोर्स घेतला. आईने साठवलेले पैसे त्यात गेले. गोळ्यांमुळे शरीराची कंपने बिघडतात, असे कोर्समध्ये सांगितले गेले. मुलाने नैराश्यासाठी सुरू असलेल्या गोळ्या कोणालाही न विचारता बंद केल्या. दीड महिन्यात त्याचे अभ्यासिकेत येणे थांबले. आम्ही घरी गेलो तेव्हा तो अंधारात बसून होता आणि जेवणही सुटले होते. त्याच्या आईसोबत त्याला सरकारी रुग्णालयात नेले, औषधे पुन्हा सुरू झाली. आज तो सावरला आहे आणि अभ्यासालाही लागला आहे. पण बरा झाल्यावर त्याने आम्हाला एक प्रश्न विचारला, "ते सगळेच खोटे होते का? ऐकताना मला खरेच शांत वाटायचे."

प्रश्न प्रामाणिक आहे. 'सगळे थोतांड' म्हणून तो उडवून लावणे सोपे, पण ते खरे उत्तर नव्हे. आवाजाचा मेंदूवर परिणाम होतो, हे विज्ञानाला मान्य आहे. मात्र तो किती होतो, कशामुळे होतो आणि जाहिरातीत सांगतात तसा होतो का, हे नीट तपासावे लागते. आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्या हाताशी ही माहिती असावी, म्हणून हा लेख.

वारंवारता म्हणजे काय?

हलगीवर टिपरू पडले की कातडे थरथरते. ती थरथर हवेतून कानापर्यंत पोहोचते, तोच आवाज. एका सेकंदात किती वेळा थरथर झाली, त्या संख्येला वारंवारता म्हणतात आणि ती हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते.

वारंवारता आणि आवाजाची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारंवारतेवरून स्वर जाड की बारीक ते ठरते. पातळीवरून आवाज किती मोठा ते ठरते आणि ती डेसिबलमध्ये मोजतात. हा फरक लक्षात ठेवावा, कारण लेखाच्या शेवटी तोच सर्वात महत्त्वाचा ठरणार आहे.

मेंदूच्या लहरी

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संकेतांनी बोलतात. लाखो पेशी एका लयीत काम करू लागल्या, की ती लय डोक्याच्या त्वचेवर लावलेल्या तारांनी टिपता येते. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. एका माणसाचे विचार दुसऱ्याच्या मनात कसे पोहोचतात, हे शोधण्याची त्यांना ओढ होती. ते काही सापडले नाही, पण त्या शोधातून ईईजी हे तपासणीचे तंत्र मिळाले. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी त्यांच्या नोंदीला दुजोरा दिला, तेव्हा जगाने ते स्वीकारले.

या लहरींचे ढोबळ गट असे आहेत. गाढ झोपेत दिसणारी डेल्टा लय ४ हर्ट्झपेक्षा कमी असते. ४ ते ८ हर्ट्झची थीटा लय गुंगीत, झोपेच्या उंबरठ्यावर दिसते. डोळे मिटून निवांत बसल्यावर ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लय ठळक होते. जागेपणी काम करताना १३ ते ३० हर्ट्झची बीटा लय असते आणि त्यापुढची ती गॅमा.

पण मेंदू म्हणजे रेडिओ नव्हे, की काटा फिरवला आणि स्टेशन बदलले. एकाच वेळी वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या लयी चालू असतात. शांत बसल्यावर अल्फा वाढते, म्हणून बाहेरून अल्फा 'घातली' की माणूस शांत होईलच, असे म्हणता येत नाही. पाऊस आला की लोक छत्र्या उघडतात, पण छत्र्या उघडल्याने पाऊस येत नाही. ध्वनी उपचाराच्या बहुतेक जाहिराती याच उलट्या तर्कावर उभ्या आहेत.

बायनॉरल बीट्स : डोक्यात तयार होणारा ठोका

१० हर्ट्झचा आवाज कानाला ऐकूच येत नाही, मग 'अल्फा' ऐकवणार कशी? त्यासाठी एक युक्ती वापरतात. हेडफोनमधून एका कानात २०० हर्ट्झचा सूर सोडायचा आणि दुसऱ्या कानात २१० हर्ट्झचा. ऐकणाऱ्याला एकच सूर ऐकू येतो, पण तो सेकंदाला १० वेळा लहरतो आहे असे भासते. ही लहर बाहेरच्या हवेत कुठेही नसते. दोन्ही कानांचे संकेत मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभात जिथे एकत्र येतात, तिथे ती तयार होते. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे ओळखणारी यंत्रणाच हे काम करते. यालाच बायनॉरल बीट्स म्हणतात.

हा परिणाम १८४० च्या सुमारास प्रशियाचे भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश विल्हेल्म डोव्ह यांच्या लक्षात आला होता. १९७३ मध्ये जेराल्ड ऑस्टर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यावर लेख लिहिला आणि विषय चर्चेत आला. मूळ सूर १,००० हर्ट्झच्या वर गेला की हा भास नाहीसा होतो, हे त्यांनी नोंदवले. त्यांना या ठोक्यांचा उपयोग मुख्यतः मेंदूच्या आजारांची तपासणी करण्यासाठी होईल असे वाटत होते. पण बाजाराने त्यातून वेगळीच वाट काढली.

अमेरिकेतील रेडिओ व्यावसायिक रॉबर्ट मनरो यांनी आपल्याला शरीराबाहेर गेल्याचे अनुभव आल्याचे १९७१ च्या पुस्तकात लिहिले. असे अनुभव इतरांनाही यावेत म्हणून त्यांनी बायनॉरल बीट्सवर आधारित 'हेमी-सिंक' तंत्र आणि 'गेटवे' नावाच्या ध्वनिफिती तयार केल्या. अमेरिकी लष्करातील एका लेफ्टनंट कर्नलने १९८३ मध्ये गेटवेवर अहवाल लिहिला. २००३ मध्ये तो जनतेसाठी खुला झाला. आज मोबाइलवर 'सीआयएने सिद्ध केलेले ध्यान' म्हणून जे फिरते, त्याचे मूळ या अहवालात आहे.

तो अहवाल म्हणजे एका अधिकाऱ्याने मांडलेले स्पष्टीकरण आहे. त्यात नियंत्रित प्रयोग नाही. दूरचे दृश्य मनाने पाहण्याच्या अशाच एका अमेरिकी प्रकल्पाचे १९९५ मध्ये मूल्यमापन झाले, तेव्हा हेरगिरीच्या कामी येईल अशी माहिती त्यातून कधीच मिळाली नाही, असा निष्कर्ष निघाला आणि प्रकल्प बंद झाला. सरकारी शिक्का असलेला कागद आणि सिद्ध झालेले सत्य यांत अंतर असते. दाखल्यांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

प्रयोग काय सांगतात?

आधी जमेची बाजू पाहू. २००५ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीच्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. बायनॉरल बीट्स ऐकलेल्या गटाची चिंता सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाली. तसेच संगीत, पण बीट्स नसलेले, ऐकलेल्या गटाची सुमारे ११ टक्क्यांनी, तर काहीच न ऐकलेल्यांची ४ टक्क्यांच्या आसपास. २०१९ मध्ये २२ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात चिंता, वेदना, लक्ष आणि स्मरण यांवर मध्यम स्वरूपाचा चांगला परिणाम दिसला. म्हणजे आमच्या मुलाला शांत वाटायचे, ते अगदीच काल्पनिक नव्हते.

आता दुसरी बाजू. बायनॉरल बीट्समुळे मेंदूच्या लहरी खरोखर त्या लयीत येतात का, हे तपासणाऱ्या १४ अभ्यासांचा आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच अभ्यासांचे उत्तर 'होय' होते, आठ अभ्यासांचे निष्कर्ष त्याच्या विरुद्ध होते आणि एक संमिश्र होता. २०२० मधल्या एका प्रयोगात साधा लहरणारा सूर, जो हेडफोनशिवायही ऐकू येतो, बायनॉरलपेक्षा मेंदूला जास्त लयीत आणतो असे दिसले. मनःस्थिती मात्र दोन्हींपैकी कशानेच बदलली नाही.

परीक्षार्थींनी खास लक्षात ठेवावा असा अभ्यास २०२३ चाच आहे. संशोधकांनी एक हजार जणांना घरच्या घरी बुद्धिमापनाची चाचणी द्यायला लावली. काहींना बायनॉरल बीट्स ऐकवले, काहींना इतर आवाज, काहींना काहीच नाही. बीट्स ऐकणाऱ्यांची कामगिरी सुधारण्याऐवजी खालावली. मेंदू तेज व्हावा म्हणून लावलेला आवाज गुण घालवू शकतो, असा या अभ्यासाचा इशारा आहे.

सारांश असा, की काही लोकांना थोडा आराम मिळू शकतो. स्मरणशक्ती, बुद्धी किंवा आजार यांबाबत खात्रीने सांगता येईल असे काही हाती नाही.

मग खरे संशोधन कुठे चालले आहे?

प्रयोगशाळेत यापुढचे काम सुरू आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये ली-ह्वेई त्साय यांच्या गटाने २०१६ मध्ये अल्झायमरसारखी लक्षणे असलेल्या उंदरांना सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा प्रकाश दाखवला, तेव्हा मेंदूतील घातक प्रथिन कमी झालेले आढळले. २०१९ मध्ये ४० हर्ट्झच्या आवाजानेही तसे परिणाम दिसले. माणसांवर चाचण्या सुरू आहेत. हा मान्यताप्राप्त उपचार झालेला नाही.

जर्मनीत २०१३ मध्ये ११ जणांवर झालेल्या प्रयोगात झोपेतल्या मेंदूची लहर ईईजीने टिपून, लहर नेमकी वर येत असतानाच हलका आवाज ऐकवला. गाढ झोपेची लय बळकट झाली आणि सकाळी शब्दांच्या जोड्या अधिक आठवल्या. इथे यंत्र त्या माणसाच्या मेंदूकडे पाहून आवाज सोडत होते. सर्वांना एकच व्हिडिओ लावून हे साधत नाही.

अशा व्हिडिओंत आवाजासोबत लुकलुकणारे चित्रही असेल, तर जपावे. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ रोजी 'पोकेमॉन' मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लुकलुकला आणि जवळपास ७०० मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. घरात कोणाला फिट येत असतील, तर असे व्हिडिओ लावूच नयेत.

५२८, ४३२ आणि आकड्यांची जादू

'५२८ हर्ट्झ : डीएनए दुरुस्ती', '४३२ हर्ट्झ : विश्वाचा सूर', अशा नावांचे हजारो व्हिडिओ आहेत. अलीकडे त्यावर बुद्धमूर्तीचे चित्रही लावलेले असते, म्हणून आपली मुले ते विश्वासाने ऐकतात.

३९६, ४१७, ५२८ असे हे आकडे प्राचीन असल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात जोसेफ प्युलिओ यांनी ते बायबलमधील एका ग्रंथातून आकडेमोड करून काढले आणि लिओनार्ड होरोविट्झ यांच्यासोबत १९९९ मध्ये पुस्तकातून लोकांसमोर आणले. म्हणजे ही प्राचीन विद्या आपल्यातल्या बऱ्याच कार्यकर्त्यांपेक्षा वयाने लहान आहे.

यात आणखी एक गोम आहे. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपने. सेकंद कुठून आला? दिवसाचे २४ तास, तासाची ६० मिनिटे, मिनिटाचे ६० सेकंद, ही वाटणी माणसाने सोयीसाठी केली. सेकंद थोडा मोठा ठरवला असता, तर त्याच सुराचा आकडा ५२८ राहिला नसता. शरीरातल्या पेशींना आपले घड्याळ वाचता येत नाही.

४३२ ची गोष्टही तशीच. पाश्चात्त्य वादकांनी एकत्र वाजवायचे तर एक सूर ठरलेला असावा लागतो. फ्रान्सने १८५९ मध्ये तो ४३५ हर्ट्झ ठरवला, १९३९ च्या लंडन परिषदेत ४४० वर एकमत झाले आणि १९५५ मध्ये तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. यात कोणाचे कारस्थान नव्हते, व्यवहाराची सोय होती. आपल्याकडे तर षड्ज ठरलेलाच नाही. कोणी काळी एकमध्ये गाते, कोणी काळी पाचमध्ये. भीमगीते गाणारे आपले गायक आपापल्या गळ्याला जमेल तो 'सा' धरतात आणि मैदान डोलते. एका आकड्यातच जादू असती, तर बाकीच्या गळ्यांनी कोणाला हलवले नसते.

५२८ हर्ट्झच्या संगीताने ताण कमी झाला, असा २०१८ मधला एक जपानी अभ्यास दाखवला जातो. त्यात नऊ जण होते. नऊ जणांवरून जगाला औषध लिहून देता येत नाही.

'तिबेटी' वाटी किती तिबेटी?

धातूच्या वाटीच्या काठावरून लाकडी दांडा फिरवला की ती घुमते. हिला 'तिबेटी बौद्ध उपचार वाटी' म्हणून मोठ्या किमतीला विकतात. हिमालयात अशा वाट्या आहेत, पण तिबेटी बौद्ध परंपरेत त्यांचा ध्यानासाठी किंवा उपचारासाठी वापर होत असल्याचा ठोस जुना पुरावा नाही. त्यांचे आजचे रूप १९७० च्या दशकात पाश्चात्त्य देशांत घडले आणि १९७२ च्या 'तिबेटन बेल्स' या ध्वनिमुद्रिकेचा त्यात मोठा वाटा होता.

वाटीचा नाद ऐकून बरे वाटते, हे खोटे नाही. २०१७ मध्ये ६२ जणांच्या अभ्यासात ताण आणि थकवा कमी झाल्याचे लोकांनी सांगितले. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तासभर मोबाइल बंद ठेवून शांत पडून राहिले असते, तर किती बरे वाटले असते, हे त्यातून कळत नाही. वाटी आवडत असेल तर जरूर वाजवावी. तिच्यावर बुद्धाच्या नावाचा शिक्का मारून कोणी आजार बरे करण्याचे पैसे घेत असेल, तर मात्र प्रश्न विचारावा.

पठण आणि ध्यान : परिणाम नेमका कशाचा?

इटलीतील संशोधकांनी २००१ मध्ये २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या. एक, ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना. दुसरी, हिमालयातील बौद्धांचा प्रसिद्ध षडाक्षरी मंत्र. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाच्या ठोक्यांची व रक्तदाबाची लय सुधारली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, स्वर वेगळे, परिणाम मात्र सारखाच. कारण दोन्ही म्हणताना श्वास लांब आणि संथ होत होता. विहारात सावकाश, एका लयीत वंदना म्हटल्यावर जे शांत वाटते, त्याचा एक मोठा भाग हा असावा. त्यासाठी हेडफोन लागत नाही.

ध्यानाचे काय? दिल्लीत १९६१ मध्ये आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी समाधीत बसलेल्या योग्यांचा ईईजी घेतला. बाहेरच्या आवाजाने त्यांची अल्फा लय मोडली नाही, जणू तो आवाज पोहोचलाच नव्हता. जपानमध्ये १९६६ साली कासामात्सु आणि हिराई यांनी झेन साधकांना पुन्हा पुन्हा 'टक' असा आवाज ऐकवला. सामान्य माणसाचा मेंदू थोड्या वेळाने त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. झेन साधकांचा मेंदू प्रत्येक आवाजाला पहिल्यासारखाच प्रतिसाद देत होता. १९८१ मध्ये बेकर आणि शपिरो यांनी हे पुन्हा तपासले, तेव्हा मात्र असा फरक आढळला नाही. म्हणून यावर इमले बांधू नयेत. पण प्रश्न मोलाचा आहे. ध्यान म्हणजे भान हरपणे की भान येणे?

२००४ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे अनुभवी बौद्ध साधकांना करुणेचे ध्यान करायला सांगून ईईजी घेतला. त्यांच्या मेंदूत गॅमा लय नवशिक्यांपेक्षा कितीतरी ठळक होती. कानात कोणताही ४० हर्ट्झचा आवाज नव्हता. होती ती १०,००० ते ५०,००० तासांची साधना.

हलगी तीच, माणसे बदलली

आवाजाने भान हरपते याचा सर्वात जुना अनुभव आपल्या गावांनी घेतला आहे. संबळ, हलगी, डफ घुमू लागले की कोणाच्या तरी अंगात यायचे. मग ढोलाच्या ठोक्यातच काही वारंवारता असते का?

फ्रेंच संगीत-अभ्यासक जिल्बेर रूजे यांनी जगभरातील अशा प्रथा तपासून १९८० मध्ये ग्रंथ लिहिला. संगीत स्वतःच्या बळावर अंगात आणते, असा कोणताही सार्वत्रिक नियम सापडत नाही, असे त्यांनी मांडले. संगीताला अर्थ समाज देतो. कोणाच्या अंगात यावे, कधी यावे, कोणत्या तालावर यावे, हे माणूस लहानपणापासून पाहून शिकलेला असतो. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये लिहिले होते, की समूह एकत्र येऊन एका लयीत हालतो, तेव्हा एक सामूहिक उत्साह उसळतो आणि माणसे त्याला देवाची शक्ती समजतात.

लंडनमधला एक प्रयोग हेच दाखवतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ७९ जणांना एका रिकाम्या खोलीत सोडले होते. कधी कानाला ऐकू न येणारा खर्ज आवाज चालू असे, कधी विद्युतचुंबकीय क्षेत्र, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. विचित्र अनुभव येऊ शकतात, एवढे आधी सांगितलेले होते. बऱ्याच जणांना ते आले. पण आवाज चालू होता की बंद, याचा त्याच्याशी संबंध दिसला नाही.

हे समजायला आपल्याला लंडनला जायची गरज नाही. आमच्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका सांगतात, पूर्वी जत्रेत हलगी कडाडली की बायकांचे केस सुटायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर त्या घरांतून देव्हारे उठले. आज जयंतीला तीच हलगी त्याच जोरात वाजते. लोक नाचतात, रडतात, अंगावर काटा येतो. पण अंगात कोणाच्याही येत नाही. हलगीची वारंवारता बदलली नाही. बदलला तो माणसांनी तिला दिलेला अर्थ.

खरा धोका डेसिबलचा

वारंवारतेच्या जादूवर आपण इतके बोलतो, पण ज्याने खरोखर नुकसान होते त्या आवाजाच्या पातळीवर बोलायला कचरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. पुढे दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. आतल्या कानातील केसांसारख्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कानात सतत शिट्टी वाजत राहणे ही त्याची पहिली खूण असू शकते.

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीसमोर ती कुठल्या कुठे ओलांडली जाते. हे सर्वच समाजांच्या मिरवणुकांना लागू आहे आणि आपणही त्याला अपवाद नाही. भिंतीला खेटून नाचणारी पोरे आपलीच असतात, खांद्यावर बसवलेली लेकरे आपलीच असतात आणि गल्लीतले हृदयविकाराचे रुग्णही आपलेच असतात. रात्रभर इअरफोन लावणे हा याच धोक्याचा घरगुती प्रकार आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. आवडता शांत आवाज थोडा वेळ, हळू ठेवून ऐकायला हरकत नाही. झोपेच्या जागी मात्र तो चालणार नाही. पाठ केलेले पक्के होण्यासाठी झोप लागतेच.

२. कोणी दावा केला, तर तीन प्रश्न विचारावेत. किती लोकांवर तपासले? तुलनेला दुसरा गट होता का? सांगणाराच विकणारा आहे का?

३. मानसिक आजाराची, फिटची किंवा कोणतीही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत. 'गोळ्या बंद करा' म्हणणाऱ्यापासून माणसाला आधी दूर करावे, वाद नंतर घालावा.

४. मन खचले असेल, झोप उडाली असेल, तर 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर कधीही बोलता येते. हा क्रमांक अभ्यासिकेच्या आणि विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा.

५. मंत्र, तावीज, कवच यांसारख्या चमत्कारी उपायांनी ठरावीक आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. अशी जाहिरात दिसली तर तिचा स्क्रीनशॉट, पावती आणि फोनवरचे संदेश जपून ठेवावेत. तक्रारीला पुरावा लागतो.

६. फसलेल्या माणसाला हसू नये. तो मूर्ख म्हणून फसलेला नसतो. त्रास खरा असतो, उपचार दूर असतात आणि मोबाइल हातात असतो, म्हणून तो फसतो.

शेवटी

संयुत्त निकायात वीणेची एक कथा आहे. एका राजाने आयुष्यात पहिल्यांदा वीणा ऐकली. तो आवाज त्याला इतका आवडला, की म्हणाला, मला तो आवाजच आणून द्या. सेवकांनी वीणा आणली. राजा म्हणाला, वीणा नको, आवाज हवा. मग त्याने वीणा फोडली, तुकडे केले, जाळून राख केली. आवाज कुठेच सापडला नाही. कारण तो खोडात नव्हता, तारेत नव्हता की कातड्यात नव्हता. सगळे भाग जुळून आले आणि वाजवणाऱ्याने प्रयत्न केला, तेव्हाच तो उमटत होता.

मनाच्या शांततेचेही तसेच आहे. ५२८ च्या आकड्यात ती शोधणे म्हणजे वीणा फोडून सूर शोधणे. आवाज हा त्यातला एक भाग आहे, पण त्याच्या जोडीला श्वास, लक्ष, पुरेशी झोप, गरज असेल तर औषध आणि जवळ बसून ऐकणारी माणसेही लागतात.

त्या मुलाला आम्ही हेच सांगितले. तुला शांत वाटायचे ते खरे होते, पण त्यातले बरेचसे त्या फाइलमधून येत नव्हते. डोळे मिटून, सगळे बाजूला ठेवून तू अर्धा तास स्वतःला देत होतास, ते तुझे स्वतःचेच होते. त्याचे पैसे कोणी घ्यायला नको होते.